तनोट आणि लोंगेवाला: एका दिवसात दिसणारी दोन वेगळी ठिकाणे

नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरहून जैसलमेरला जाणाऱ्या मंडळींच्या सहलीत सोनार किल्ला आणि सम येथील वाळूच्या टेकड्यांबरोबर सीमेकडचा एक दिवस बहुधा असतोच. त्या दिवशी तनोट आणि लोंगेवाला ही दोन्ही ठिकाणे पाहिली जातात. मात्र परतल्यावर सांगताना १९६५ च्या भारत-पाक युद्धातले तोफगोळे लोंगेवाल्यावर पडतात आणि १९७१ च्या युद्धातले रणगाडे तनोटच्या देवळापुढे येऊन उभे राहतात. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखे सैनिकांचे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी ही गल्लत होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तनोट हे मुळात देवस्थान आहे. जैसलमेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर असलेले हे मंदिर आवड मातेचे असून भाविक तिला हिंगलाज मातेचे रूप मानतात. १९६५ मध्ये पाकिस्तानी तोफखान्याने या परिसरावर मोठा मारा केला. मंदिराच्या आवारात पडलेले गोळे फुटले नाहीत ही देवीचीच कृपा, अशी जवानांची व गावकऱ्यांची श्रद्धा आहे आणि ते गोळे आजही मंदिरात मांडून ठेवलेले दिसतात. मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे, आरतीही जवानच करतात. नवस बोलून बांधलेले असंख्य रुमाल पाहिले की अंबाबाईच्या गावच्या माणसाला इथे परके वाटत नाही.

लोंगेवाला मात्र रणभूमी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री इथल्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी, म्हणजे सुमारे १२० जवान होते, आणि समोरून रणगाड्यांसह एक मोठे पाकिस्तानी दल चालून आले. जैसलमेरच्या तळावरील हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांना रात्री हल्ला करणे शक्य नव्हते, त्यामुळे उजाडेपर्यंत ठाणे राखणे एवढेच पायदळाच्या हाती होते. जीपवर बसवलेल्या रणगाडाविरोधी तोफा, तारेचे कुंपण पाहून शत्रूला आलेली सुरुंगांची शंका आणि चाकांना व पट्ट्यांना गिळणारी भुसभुशीत वाळू यांनी ती रात्र निभावली. पहाट होताच विमाने आली आणि उघड्यावर अडकलेल्या रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही. चांदपुरी यांना महावीर चक्र मिळाले. तिथे ठेवलेले रणगाडे केवळ छायाचित्रासाठी नाहीत. सभोवतालची सपाट, आडोसा नसलेली जमीन नीट न्याहाळली, तरच ती लढाई समजते. म्हणून माझ्या मते अधिक वेळ लोंगेवाल्याला द्यावा.

गोंधळाचे एक खरे कारण तनोटमध्येच आहे. लोंगेवाल्याच्या विजयाचे स्मारक म्हणून उभारलेला विजयस्तंभ मंदिराच्या आवारात आहे, त्यामुळे गोळे आणि स्तंभ एकाच युद्धाचे वाटतात. जैसलमेरजवळ जोधपूर रस्त्यावरील युद्धसंग्रहालय हे आणखी तिसरेच ठिकाण होय.

जैसलमेरहून रामगढमार्गे आधी तनोट, तिथून लोंगेवाला आणि पुन्हा रामगढ असा फेरा सोयीचा पडतो. रामगढच्या पुढे वस्ती विरळ असल्याने इंधन आणि पाणी तिथेच भरून घ्यावे. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेकडे जायचे असल्यास परवानगी लागते, म्हणून सर्वांची मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि चौकशी जैसलमेरमध्येच करून निघावे.