सहाही प्रश्न पहिल्याच वाक्यात? गरज नाही

कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. या सहाही प्रश्नांची उत्तरे इंट्रोच्या, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदाच्या, पहिल्याच वाक्यात हवीत, असे कोल्हापुरात पत्रकारिता शिकणारी मुले आजही ऐकतात. हे खरे नाही. उत्तरे बातमीत हवीत. इंट्रोत हवे ते सर्वांत महत्त्वाचे.

पंचगंगेचा पूर घ्या. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ‘पंचगंगेने पहाटे धोका पातळी ओलांडली’ एवढे पुरते. त्यातच राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, पाणलोटातला पाऊस, स्थलांतर कोंबले, की क्रियापद येईपर्यंत वाचक निसटतो. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून हा धोका आपल्याकडे जास्तच.

त्याहून वाईट ‘का’चा हट्ट. अपघातानंतर तासाभरात कारण पोलिसांनाही ठाऊक नसते. तरी ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ लिहून मोकळे व्हायचे आणि मेलेल्या माणसावर न तपासलेला ठपका ठेवायचा! ‘कारण समजू शकले नाही’ हेही प्रामाणिक, पूर्ण उत्तर आहे.

उतरता क्रम मात्र पाळाच: सर्वांत महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो; बंद रस्त्यांची यादी तळाला ठेवली असेल, तर आधी तीच जाते.