महिला गटातून धावायचंय? एसआरवाय चाचणी कुणाला, कशी आणि कोणत्या कागदांनिशी

तालुक्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या मुलीला जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड एवढं पुरतं. तीच मुलगी पुढे भारताच्या संघापर्यंत पोहोचली की आणखी एक कागद लागतो, आणि तो ना तहसीलमध्ये मिळतो ना शाळेत. तो प्रयोगशाळेतून येतो. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने 1 सप्टेंबर 2025 पासून महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी बंधनकारक केली. हे जनुक साधारणपणे पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावर असतं, आणि ते खेळाडूत आहे की नाही एवढंच ही चाचणी पाहते. त्याच महिन्यात टोकियोला झालेली जागतिक स्पर्धा ही या नियमाखालची पहिली मोठी स्पर्धा.

पालक आणि प्रशिक्षक सगळ्यात आधी विचारतात, की जन्मदाखल्यावर 'स्त्री' लिहिलंय, मग पुन्हा हे कशाला? या नियमात जन्मदाखला, आधार, पासपोर्ट यांवरची लिंगाची नोंद ग्राह्य धरतच नाहीत. तृतीयपंथी ओळखपत्राचंही तसंच. हे कागद तुम्ही कोण आहात एवढंच सांगतात, पात्रता जनुकाच्या अहवालावर ठरते.

चाचणी कुणाला लागते

वर्ल्ड रँकिंगचे गुण मिळतात अशा स्पर्धांत महिला गटातून उतरणाऱ्यांना. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा यात येत नाहीत. पण आपल्याकडच्या काही राष्ट्रीय स्पर्धा त्या यादीत असतात, त्यामुळे 'आपल्याला कुठे परदेशात जायचंय' म्हणून बेफिकीर राहू नका. ही चाचणी आयुष्यात एकदाच करायची असते.

प्रक्रिया

चाचणी करवून घेण्याची जबाबदारी त्या त्या देशाच्या महासंघाची आहे. तेव्हा स्वतःहून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन पैसे घालवू नका. कोणती प्रयोगशाळा चालेल, अहवाल कुठे आणि कोणत्या नमुन्यात द्यायचा, हे महासंघाकडून लेखी घ्या. गालाच्या आतून स्वॅब घेतात किंवा थोडं रक्त. कोरोनात नाकात घातलेली काडी आठवत असेल, तर ही त्याहून सोपी. टोकियोच्या तयारीच्या वेळी जागतिक महासंघाने दर चाचणीमागे 100 डॉलरपर्यंत मदत देऊ केली होती, त्यामुळे खर्च कोण उचलणार हेही आधीच विचारा.

नमुना देताना मूळ ओळखपत्र जवळ असू द्या. परदेश दौरा होणार असेल तर अहवालावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहून घ्या. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, कुठे वडिलांचं नाव मध्ये येतं तर कुठे गळतं, आणि ऐनवेळी तेवढ्यावरून कागद अडतो. मुलगी अठराच्या आत असेल तर पालकांची लेखी संमती हवी. संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. नमुना पुढे किती काळ ठेवणार, अहवाल कोण पाहणार, हे त्यात नसेल तर विचारून लिहून घ्या.

आणि वेळ हातात ठेवा. 2025 मध्ये लिव्हरपूलला झालेल्या जागतिक बॉक्सिंग स्पर्धेतही जनुकीय चाचणी सक्तीची होती. फ्रान्सच्या पाच महिला बॉक्सरांचे अहवाल वेळेत पोहोचले नाहीत आणि त्यांना रिंगमध्ये उतरताच आलं नाही. फ्रान्सच्या कायद्यात अशी चाचणी करायला बंदी असल्याने त्यांना ती देशाबाहेर करून घ्यावी लागली होती.

अहवाल 'निगेटिव्ह' आला तर

विषय संपला. इथे एक भीती काढून टाकतो. पीसीओडी असलेल्या, चेहऱ्यावर लव असलेल्या, टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त असलेल्या मुलींना हल्ली कुणीही घाबरवतं. ही चाचणी हार्मोन मोजतच नाही. पीसीओडी असलेल्या मुलीचं एसआरवाय निगेटिव्ह असेल तर ती पात्रच आहे.

'पॉझिटिव्ह' आला तर

इथे थांबून नीट समजून घ्यायला हवं. एसआरवाय हे जनुक साधारणपणे वाय गुणसूत्रावर असतं आणि गर्भात वृषण तयार होण्याची सुरुवात करून देतं. ते सापडलं म्हणजे मुलीने फसवलं असा अर्थ होत नाही. काही मुली जन्मापासून मुलगी म्हणून वाढतात, बाहेरून काही वेगळं दिसत नाही, आणि गुणसूत्रं मात्र एक्सवाय असतात. पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर कळतं, नाहीतर अशा चाचणीत. यालाच आंतरलिंगी किंवा डीएसडी म्हणतात.

पॉझिटिव्ह आल्यावर वर्ल्ड रँकिंगच्या महिला गटाचं दार बहुतेकींना बंद होतं. अपवाद आहेत. ज्यांच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा काहीच उपयोग होत नाही, वैद्यकीय भाषेत ज्यांना संपूर्ण अँड्रोजन असंवेदनशीलता आहे, त्या खेळू शकतात. जुन्या नियमांखाली आधीपासून खेळणाऱ्या मोजक्या खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. पण अपवादात बसतो हे तज्ज्ञांच्या तपासणीने सिद्ध करावं लागतं. निर्णय मान्य नसेल तर लोझानच्या क्रीडा लवादाकडे जाता येतं. रँकिंगबाहेरच्या महिला स्पर्धा मात्र या नियमाने बंद होत नाहीत.

पहिला अहवाल अंतिम समजू नका, दुसऱ्या नमुन्याची मागणी करा. नमुना हाताळणाऱ्या पुरुषाच्या पेशी मिसळल्या तरी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. 1990 मध्ये हे जनुक शोधणाऱ्या चमूतले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या चाचणीच्या वापरावर हरकत घेतली आहे. जनुक आहे एवढं कळतं, ते शरीरात काम करतं की नाही ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं पहिल्यांदाच होतंय असंही नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3387 महिला खेळाडूंपैकी 8 जणी पॉझिटिव्ह आल्या आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं. 1999 मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी सोडून दिली. आता ती परत आली आहे. पुरुषी वयात येण्याने मिळणारी ताकद महिला गटात नको, ही जागतिक महासंघाची भूमिका मला समजते. शर्यत शतांश सेकंदाने हरणाऱ्या मुलीचाही प्रश्न खराच आहे. पण नियम कसा राबवला जातो, यावर कुणाचं तरी आयुष्य उभं किंवा आडवं होतं.

तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने 2006 मध्ये दोहाच्या एशियाडला 800 मीटरमध्ये रौप्य जिंकलं. लिंगचाचणीनंतर पदक गेलं आणि बातमी देशभर झाली. ओडिशाच्या द्युती चंदला 2014 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. ती लवादात लढली आणि 2015 मध्ये महिला खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनवर मर्यादा घालणारा तेव्हाचा नियम स्थगित करवून घेतला. दोघींच्या शरीराची चर्चा मात्र टपरीपर्यंत गेली.

म्हणून प्रशिक्षकांना एक विनंती. अहवाल संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. तो आधी खेळाडूच्या हातात पडू दे, शक्यतो शेजारी डॉक्टर असताना. घरी कुणाला सांगायचं आणि कधी, ते तिला ठरवू दे.