पिथियम केराटायटिस आणि त्याचं जनुकीय निदान
पिथियम इन्सिडिओसम या जीवामुळे कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला होणारं दुर्मिळ इन्फेक्शन. मायक्रोस्कोपखाली बुरशीसारखेच धागे दिसतात, फक्त जरा रुंद आणि आडपडदे फार कमी, त्यामुळे बुरशी समजून नॅटामायसिन हे बुरशीचं औषध सुरू होतं आणि जखम मात्र वाढतच जाते. कारण ही बुरशी नाहीच. हा ऊमायसीट, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण वेगळ्याच कुळातला जीव, तपकिरी शेवाळ आणि डायटमच्या नात्यातला, आणि बुरशीची बहुतेक औषधं ज्या अर्गोस्टेरॉलच्या (बुरशीच्या पेशीच्या आवरणातला चरबीसारखा घटक) भरवशावर चालतात ते याच्या पेशीत जवळपास नसतंच.

नावाचा घोळ मोठा आहे. १८८४ च्या सुमारास भारतातल्या ब्रिटिश पशुवैद्यांनी घोड्यांच्या जखमांचं जे वर्णन केलं तीच पहिली नोंद असं मानतात. पण त्या काळी या जखमांना 'बरसाती' म्हणायचे आणि त्यात जंतामुळे झालेल्या जखमाही मिसळल्या असाव्यात, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. पुढे डच इंडीजमधून (आजचा इंडोनेशिया) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्णन आलं, १९६१ मध्ये हायफोमायसीस डिस्ट्रुएन्स हे नाव पडलं, १९७४ मध्ये पोहणारे झूस्पोर (शेपटीवाले बीजाणू) दिसले तेव्हा कुठे पिथियमकडे बोट गेलं. १९८७ मध्ये तर एकाच वर्षी दोन नावं आली, डिस्ट्रुएन्स आणि इन्सिडिओसम, त्यातलं दुसरं टिकलं (अर्थ साधारण 'दबा धरून बसणारा', बरोबरच आहे). माणसाच्या कॉर्नियातल्या छापील नोंदी १९९३ च्या आसपासच्या.

जनुकीय टेस्टसाठी कॉर्निया खरवडून घेतलेला नमुना किंवा कल्चर (लॅबमध्ये वाढवलेला जीव) वापरतात, त्यातला डीएनए काढून पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, आयटीएस हा जीव ओळखायला उपयोगी पडणारा डीएनएचा भाग वाढवतात. पण यात एक गोम आहे, आयटीएस१ आणि आयटीएस४ हे नेहमीचे प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) खऱ्या बुरशीलाही चालतात, म्हणजे वाढलेल्या डीएनएचा नुसता बँड (जेलवरची पट्टी) दिसला म्हणून काहीच ठरत नाही, सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएतला अक्षरक्रम वाचून, जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसशी जुळवावं लागतं, आणि तिथल्या नोंदीवरचं लेबलच चुकीचं असेल तर उत्तरही चुकणार. म्हणून काहीजण कॉक्स२ हे आणखी एक जनुकही तपासतात. आयटीएसवरून तीन गट पडतात, भूगोलाशी त्यांचा ढोबळ मेळ बसतो. या वेगळ्या प्रजाती धराव्यात का यावर वाद आहे, सध्या एकच धरणं सोयीचं.

सिक्वेन्सिंगची सोय नसेल तिथे कल्चर गवताच्या पात्यावर चढवून पाण्यात ठेवतात आणि झूस्पोर सुटतात का बघतात. उपचारात लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही चक्क बॅक्टेरियाची औषधं वापरतात, तरी बऱ्याचदा कॉर्निया बदलावा लागतोच.