दोन दिवसांचा सम्राट आणि ठशांचा हिशोब

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तो इंग्लंडमध्ये असतो. फोटोत एक काळपट नाणं, कडेला जरासं तुटलेलं, त्यावर दाढीवाला माणूस आणि डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट. खाली दादाने लिहिलेलं, "घेतलं शेवटी! मारियस! फक्त दोन दिवस राज्य केलेला रोमन सम्राट!!"

मी अंगठा पाठवला आणि वर आगाऊपणा केला, "अभिनंदन, पण ते दोन दिवस काही खरे नाहीत." दादा चिडला. विकणाऱ्याने सोबत छापील कार्ड दिलंय म्हणे, त्यावर स्पष्ट लिहिलंय. आता त्याला उत्तर टाइप करायला बसलो तर ते एवढं लांबत गेलं की म्हटलं सरळ लेखच लिहावा.

तर आधी विकणाऱ्याची बाजू. त्याने काही मनाने बनवलेलं नाही. ऑरेलियस व्हिक्टर आणि युट्रोपियस हे दोघे रोमन इतिहासकार दोन दिवस असंच सांगतात, फक्त ते लिहितायत चौथ्या शतकात, म्हणजे घटनेनंतर जवळपास शंभर वर्षांनी. आणखी एका उशिराच्या चरित्रांच्या बाडात तर नाटकच रंगवलंय, की पहिल्या दिवशी हा सम्राट झाला, दुसऱ्या दिवशी राज्य करताना दिसला आणि तिसऱ्या दिवशी मेला. मारियस मूळचा लोहार, त्यामुळे मारणारा सैनिक तलवार खुपसताना म्हणतो, ही तूच घडवलेली आहे. एवढं जुळून आलेलं वाक्य वाचलं की माझ्या मनात पहिल्यांदा शंकाच येते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इसवी सनाचं तिसरं शतक म्हणजे रोममध्ये सम्राटांची नुसती रांग. २३८ या एका वर्षात सहा जण सम्राट होते. २६० मध्ये गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स आणि आजूबाजूचा भाग, पोस्टुमस नावाच्या सेनापतीने वेगळा काढला. २६९ मध्ये त्याने माइन्झ शहर लुटायला परवानगी दिली नाही म्हणून त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं, आणि त्याच्या जागी बसला हा आपला लोहार.

आता मुद्दा असा की मारियसची नाणी दुर्मिळ असली तरी बोटावर मोजण्याइतकी नाहीत. ती दोन वेगवेगळ्या टांकसाळींमधून आलेली आहेत, मागच्या बाजूचे प्रकार बरेच आहेत. हे सगळं दोन दिवसांत कसं होईल? पण "कसं होईल" हा काही पुरावा नाही, तो झाला अंदाज. पुरावा लागतो तो मोजणीचा, आणि इथेच माझी लाडकी गोष्ट येते, ती म्हणजे ठसा.

आज टांकसाळीत यंत्र एकसारखी नाणी ओतल्यासारखी बाहेर टाकतं. रोमन नाणं माणसं पाडायची. आपण मराठीत अजूनही "नाणी पाडणे" म्हणतो, तेच. एक ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर सम्राटाचा चेहरा उलटा कोरलेला. त्यावर धातूची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा हातात किंवा चिमट्यात धरायचा आणि घण मारायचा. खालून छापा, वरून काटा. घणाचा मार थेट वरच्या ठशाच्या डोक्यावर बसतो, खालच्याला ऐरणीचा आधार असतो, त्यामुळे वरचा ठसा लवकर झिजतो, फुटतो. म्हणून साधारणपणे चेहऱ्याच्या एका ठशामागे मागच्या बाजूचे जास्त ठसे वापरलेले दिसतात. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे कुठलेही दोन ठसे सारखे नसतात. एकात अक्षर नाकाच्या शेंड्यासमोर येतं, दुसऱ्यात कपाळासमोर, एकात मुकुटाचा काटा अक्षराला टेकतो. फोटो शेजारी शेजारी ठेवून तासन् तास बघत बसायचं की ही दोन नाणी एकाच ठशातली आहेत का. डोळ्यांचं वाटोळं होतं, पण व्यसन लागतं.

त्यात ठशाला तडा गेला तर अजून मजा. ठशातल्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर उठावाची बारीक रेघ उमटते. घण पडत राहतो, भेग वाढत जाते. म्हणजे एकाच ठशाची पाच नाणी असतील तर रेघेच्या लांबीवरून कुठलं आधी पाडलं आणि कुठलं नंतर हे लावता येतं. सतराशे वर्षांपूर्वीच्या एका टांकसाळीतला एखाद्या आठवड्याचा क्रम आपण घरी बसून लावतोय, मला तर हे अजूनही खरं वाटत नाही.

आता मोजणी. लहानपणी बबलगमसोबत क्रिकेटरची चित्रं यायची. सुरुवातीला प्रत्येक पाकिटात नवीन खेळाडू. मग हळूहळू तोच तो माणूस चौथ्यांदा यायला लागतो आणि आपल्याला कळतं की सेट बहुतेक पूर्ण होत आला. एकूण चित्रं किती हे कंपनीने सांगितलेलं नसतं तरी रिपीट किती येतायत यावरून अंदाज बांधता येतो. ठशांचंही अगदी असंच आहे. शंभर नाणी घेतली आणि शंभरही वेगवेगळ्या ठशांची निघाली तर अजून कितीतरी ठसे आपण बघितलेच नाहीयेत. शंभर नाणी घेतली आणि सगळी फक्त आठ ठशांत बसली तर खेळ बहुतेक संपला, ठसे आठच किंवा एखादा जास्त.

याचं गणित दुसऱ्या महायुद्धात जर्मन गुप्त संदेश फोडणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंग आणि त्याचा सहकारी गुड यांच्याकडून आलंय, गुडने ते १९५३ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि पुढे वॉरन एस्टी या गणितज्ञाने ते नाण्यांना नीट लावून दाखवलं. सूत्र हास्यास्पद सोपं आहे. जे ठसे फक्त एकदाच दिसले तेवढे मोजा, त्यांना एकूण नाण्यांनी भागा. जे येईल तो आपल्या अज्ञानाचा वाटा. समजा १०० नाणी आहेत, ठसे ४० सापडले, त्यातले १५ एकेकदाच दिसले. १५ भागिले १००, म्हणजे १५ टक्के. याचा अर्थ जेवढी नाणी मुळात पाडली गेली त्यातली साधारण ८५ टक्के आपल्याला माहीत असलेल्या ठशांतून आली. सगळे ठसे सारखेच चालले असं धरलं तर ४० भागिले ०.८५, म्हणजे ४७ ठसे. पण ठसे सारखे चालत नाहीत ना, एखादा पहिल्याच दिवशी फुटतो, एखादा महिनाभर टिकतो, आणि लवकर फुटलेल्याची नाणी कमी म्हणून तो आपल्या नमुन्यात येण्याची शक्यताही कमी, त्यामुळे खरा आकडा ४७ पेक्षा जास्तच असणार, आणि मग त्यासाठी ठशांच्या आयुष्याचं वितरण गृहीत धरावं लागतं, आणि तिथून पुढे संख्याशास्त्राचे लोक एकमेकांशी भांडतात. इथे कोणाचं डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, एवढंच धरा: रिपीट जास्त म्हणजे ठसे कमी.

मग ठशांवरून दिवस कसे काढायचे? सरळ भागाकार करून नाही. नवीन सम्राट आला की पहिलं काम सैनिकांना बक्षिसी वाटायचं, त्यामुळे सुरुवातीला टांकसाळ भरधाव सुटते. पण एक किमान मर्यादा तरी मिळतेच. चेहरा कोरायला वेळ लागतो, ठसे झिजायला वेळ लागतो, नवीन कोरले जातात, नाव लिहायची पद्धत मध्येच बदलते. मारियसच्या बाबतीत हे सगळं झालेलं दिसतं. म्हणून आजचे अभ्यासक दोन दिवस सोडून देतात आणि काही आठवडे किंवा दोनेक महिने धरतात. आणि त्या लोहाराच्या नाण्यांवर मागे काय आहे? हस्तांदोलन करणारे दोन हात आणि "कॉन्कॉर्डिया मिलिटम", म्हणजे सैनिकांची एकी! एकी झाली खरी, त्याला मारण्यापुरती.

असाच क्विंटिलस, २७० सालचा. काही जुने लेखक त्याला १७ दिवस देतात, ३५४ सालच्या एका रोमन नोंदीत ७७ दिवस आहेत. त्याची नाणी रोम, मिलान, सिसिया आणि सिझिकस अशा चार टांकसाळींची आहेत. सिसिया आजच्या क्रोएशियात, सिझिकस तुर्कस्तानात. १७ दिवसांत सिझिकसपर्यंत नुसती बातमी पोचायचीच मारामार, ठसे कोरणं तर दूरच. नाण्यांचा कौल उघड ७७ च्या बाजूने आहे.

पण उलटंही होतं हं. २३८ मध्ये आफ्रिकेत कार्थेजला पहिला आणि दुसरा गॉर्डियन, बापलेक, जेमतेम तीन आठवडे सम्राट होते. रोमला त्यांनी पाऊलही ठेवलं नाही, तरी रोमच्या टांकसाळीने त्यांची नाणी पाडली. ते मेल्याची बातमी समुद्र ओलांडून येईपर्यंत इकडे घण चालूच राहणार ना. म्हणजे नाणं आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, ठसे मोजावेच लागतात.

काहींना तर ठसे होते पण चकत्या नव्हत्या. २६० च्या सुमाराचा रेगालियानस, डॅन्यूबकाठी कार्नुंटमला बंड केलेला. त्याने जुन्या सम्राटांच्या चांदीच्या नाण्यांवरच आपला ठसा मारला, खालचा जुना चेहरा अर्धवट डोकावतो. हे आपल्याकडच्या वाचकांना नवीन वाटायला नको. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या ९ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला आहे. फरक इतकाच की गौतमीपुत्र टिकला.

आता माझी सगळ्यात आवडती केस. १९०० मध्ये फ्रान्समध्ये नांत शहराजवळ नाण्यांच्या एका ठेव्यात एक नाणं निघालं, त्यावर नाव डोमिशियानस, चेहरा गॉलच्या सम्राटांसारखा. या नावाच्या एका बंडखोराचा जुन्या लेखनात ओझरता उल्लेख आहे, पण सम्राट म्हणून कोणी ओळखत नव्हतं. तज्ज्ञांनी बनावट म्हणून बाजूला टाकलं. शंभर वर्षं गेली. २००३ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये चालग्रोव्हला एकाला मेटल डिटेक्टरने मडकं सापडलं, आत गंजून एकमेकांना चिकटलेली सुमारे ५,००० नाणी. ब्रिटिश म्युझियममध्ये ती एकेक करून सुटी केली, आणि त्यात निघालं डोमिशियानसचं दुसरं नाणं. त्याच ठशांतलं, पुढचाही तोच आणि मागचाही तोच!

इथे जरा थांबून विचार करा, कारण नुसता ठसा जुळला म्हणून नाणं खरं ठरत नाही. बनावट ठसा बनवणाराही दोन नाणी पाडू शकतो की. पण मडक्यात गंजाने चिकटलेल्या ढेकळाच्या आत कोणी नाणं नेऊन ठेवू शकत नाही. म्हणजे दुसरं खरं, आणि ठसा तोच म्हणून पहिलंही खरं. मडक्याने एकाची साक्ष दिली, ठशाने ती दुसऱ्यापर्यंत पोचवली.

आणि बनावट पकडायलाही हीच नजर लागते. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असला तरी चकती वेगळी असते, घण वेगळा बसतो, एकाचं चित्र डावीकडे सरकतं, दुसऱ्याच्या कडेला चीर जाते. दोन नाण्यांचा ठसाही तोच, सरकणंही तेवढंच आणि कडेची चीरही तीच असेल तर समजायचं की साच्यात ओतलेली आहेत. दादाला हे मी आधीच सांगायला हवं होतं.

आता स्पॉन्सियानसचं विचारणारच कोणीतरी. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बातम्या आल्या, "हरवलेला रोमन सम्राट सापडला". १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात मिळालेलं सोन्याचं नाणं, त्यावर हे नाव, आता ग्लासगोच्या हंटेरियन म्युझियममध्ये. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर वापराचे ओरखडे आणि जमिनीत पुरलं गेल्याच्या मातीच्या खुणा दिसल्या, म्हणून अभ्यासकांनी ते खरं असल्याचं मांडलं. अभ्यास वाचण्यासारखा आहे, बातम्यांचे मथळे नाही. कारण हे नाणं पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे, आणि बरेच नाणेतज्ज्ञ अजूनही ते मानत नाहीत. माझं मत विचाराल तर मडकं सापडेपर्यंत मी कुंपणावर.

मथळ्यांवरून आठवलं. आपल्याकडे जुन्या नाण्यांच्या नावाने जे चालतं ते बघून संताप येतो. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांत विका, आधी "रजिस्ट्रेशन फी" भरा. रिझर्व्ह बँकेचं नाव यात वापरलं जायला लागलं तेव्हा २०२१ मध्ये बँकेला जाहीर सूचना काढावी लागली. त्याहून भारी म्हणजे "राइस पुलर", ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं नाणं जे म्हणे तांदूळ ओढून घेतं आणि नासा कोट्यवधींना घेते. अरे, तांबं लोहचुंबक नाही, तांदूळ तर नाहीच नाही. तांदळाला लोखंडाची पूड लावा आणि नाण्यात चुंबक लपवा, झाला चमत्कार. आणि खरोखर जमिनीत जुनी नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. चालग्रोव्हच्या माणसानेही तिथल्या कायद्याप्रमाणे मडकं सरकारला दाखवलं, म्हणून तर डोमिशियानस सापडला. नाणी घासूनपुसून गुपचूप विकली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

हे सगळं मी दादाला तुकड्यातुकड्यात पाठवलं. चार दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. मला वाटलं रागावला. परवा रात्री परत फोटो आला, या वेळी दोन नाणी शेजारी शेजारी. एक त्याचं, एक कुठल्यातरी म्युझियमच्या ऑनलाइन कॅटलॉगमधलं. दोन्हींवर मारियसच्या नाकासमोर तेच अक्षर, आणि तिथून हनुवटीकडे उतरणारी तीच बारीक रेघ. काठ वेगळे, सरकणं वेगळं, म्हणजे ओतीव नाही. दादाच्या नाण्यावर रेघ दाढीपर्यंतच येते, म्युझियमच्या नाण्यावर ती गळ्यापर्यंत गेलीय.

खाली लिहिलंय, "म्हणजे माझं आधीचं ना? किती दिवस आधीचं?"