स्थानिक परिवहन व स्थानिक स्वराज्य संस्था

गाव, शहर किंवा उपनगर यांच्या हद्दीत रहिवाशांची रोजची ये-जा ज्या बससेवा, रस्ते, पदपथ, थांबे, दिवे आणि गटारे यांच्या आधारे चालते, त्या एकत्रित व्यवस्थेला स्थानिक परिवहन म्हणतात. रेल्वे आणि महामार्ग यांचा कारभार बहुतेक देशांत वरच्या पातळीवरील शासनाकडे असतो. घरापासून थांब्यापर्यंतचा टप्पा मात्र सामान्यतः नगरपालिका किंवा ग्रामपातळीवरील संस्थेच्या अखत्यारीत येतो. हा टप्पा लहान असला, तरी माणूस बसने जाणार की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

थांब्याजवळचा पदपथ मध्येच एखाद्या खांबाने अडला असेल, गल्लीच्या तोंडाशी त्याला उतार नसेल, किंवा बसची पायरी पदपथापेक्षा वीतभर उंच असेल, तर चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाच्या दृष्टीने ती बस धावतच नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या आईची आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धाची अडचणही तीच असते. ब्राझीलमधील कुरितीबा शहराने १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे उंच थांबे उभारले. त्यांत तिकीट आधीच घेतले जाते आणि थांब्याची व बसची जमीन एका पातळीत येत असल्याने प्रवासी पायरी न चढता आत जातात. याच शहराने १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू केल्या होत्या. वास्तुविशारद आणि तत्कालीन महापौर जेमी लर्नर यांच्या पुढाकाराने झालेले हे काम पुढे अनेक शहरांनी आदर्श मानले.

वेळापत्रकाचा प्रश्न याहून अवघड आहे. दर अर्ध्या तासाने बस असेल आणि प्रवासी वेळ न पाहता थांब्यावर आला, तर त्याला सरासरी पंधरा मिनिटे थांबावे लागते. दर दहा मिनिटांनी बस असेल, तर पाच. पण कागदावरच्या फेऱ्या रस्त्यावर तशाच उतरत नाहीत. एका बसला दोन मिनिटे उशीर झाला की पुढच्या थांब्यावर ताटकळणारे प्रवासी वाढतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो आणि उशीर आणखी वाढतो. मागची बस मात्र रिकाम्या थांब्यांवरून भरभर पुढे येते. शेवटी बराच वेळ एकही बस नाही आणि मग दोन बस एकामागोमाग, अशी स्थिती होते. यात चालकाला दोष देणे अन्यायाचे आहे. राखीव मार्गिका, बसला प्राधान्य देणारे सिग्नल, चढण्यापूर्वी तिकीट आणि मधल्या ठरावीक थांब्यांवर वेळ जुळवून घेणे, हे त्यावरचे उपाय असून त्यांपैकी बरेचसे स्थानिक संस्थेच्या हाती असतात.

जिथे मोठी बस वळतच नाही, तिथे लहान बस उपयोगी पडते. जपानमधील मुसाशिनो या शहराने नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘मूबस’ सुरू केली. अरुंद रस्त्यांवरून जाणारी ही छोटी बस साधारण दोनशे मीटरवर थांबते, कारण वृद्धांना चालता येईल असे अंतर मोजूनच तिचे थांबे ठरवण्यात आले. जपानमध्ये अशा ‘सामुदायिक बस’ नंतर अनेक नगरपालिकांनी चालू केल्या. विरळ वस्तीत तर ठरावीक मार्गापेक्षा आगाऊ मागणीनुसार येणारे वाहन अधिक सोयीचे ठरते.

रस्त्यांच्या बाबतीत नव्या कामाचे उद्घाटन होते. डागडुजीचे होत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे हे एक मोठे कारण आहे. डांबरी रस्त्याचा मुख्य शत्रू पाणी. भेगांतून ते खालच्या खडीच्या थरात उतरले की थर सैल होतो, आणि मग प्रत्येक जड चाकाखाली तो थोडाथोडा खचत जातो. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ताचाचण्यांवरून असे दिसले, की आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. म्हणून गटार साफ ठेवणे आणि भेगा वेळीच बुजवणे हे नव्या थरापेक्षा स्वस्त पडते. नवा रस्ता जलवाहिनीसाठी किंवा केबलसाठी महिन्याभरात खोदला जाणे, ही यातली सर्वांत खेदाची बाब होय. सर्व विभागांच्या खोदाईची एकच नोंदवही ठेवली आणि चर नीट दाबून भरल्याखेरीज काम पूर्ण मानले नाही, तर ते टळू शकते.

खर्चासाठी काही शहरांनी वाहनशुल्काचा मार्ग धरला. लंडनने फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले आणि त्याचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन घातले. स्टॉकहोममध्ये आधी २००५ च्या ऑगस्टपासून जादा बस सोडण्यात आल्या, शुल्काची चाचणी जानेवारी २००६ मध्ये सुरू झाली आणि शहरातील मतदारांनी सार्वमतात कौल दिल्यानंतर ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. मोटार घरी ठेवायला सांगण्यापूर्वी दारात बस आणून ठेवण्याचा हा क्रम इतर शहरांनीही लक्षात घेण्याजोगा आहे.