उन्हात ब्रेक ऑइल ‘उडून’ जात नाही

“दुचाकी मे महिनाभर पडवीत उभी राहिली की उष्णतेने ब्रेक ऑइल उडतं, वरून थोडं ओतलं की झालं,” असा निरोप कोकणात दरवर्षी फिरतो. ब्रेक ढिला लागला की असं वाटणं साहजिकच आहे.

पण डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं, म्हणजे पाणी न मुरलेलं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पडवीतली उष्णता त्याच्या जवळपासही जात नाही. उलट ते हवेतला ओलावा शोषतं. साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो. मग घाटउतारावर ब्रेक तापतो, आत वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. पातळी घटली असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसतं ओतून दोन्ही झाकली जातात, म्हणून ही सवय धोक्याची.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवा. डिस्कवरचा तांबूस थर दोन-चार ब्रेकांत जातो. तरीही चाक जड फिरलं तर खारट हवेने कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन किंवा पिना जाम झाल्या असतील. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या काचेतून ऑइल चहासारखं दिसलं, किंवा ते भरून दोन वर्षं झाली, तर पूर्ण बदला. डबा सीलबंदच घ्या. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगतात.