संरक्षण, कल्याण, सुरक्षितता : अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांसोबतच्या कामाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात मुलं आणि कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांच्या बोलण्यात 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा शब्द आता सतत येतो. मराठीत तो आणताना मात्र घोटाळा होतो. 'सांस्कृतिक सुरक्षा' म्हटलं की आपल्यापुढे संस्कृतिरक्षक उभे राहतात. इथे संस्कृतीला कुणापासून वाचवायचं नाहीये. सुरक्षित वाटायला हवं ते माणसाला. दारात आलेल्या समाजकार्यकर्तीपुढे आपलं अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांपैकी, असणं झाकावं लागू नये आणि बोललेला शब्द उद्या आपल्याच विरोधात फायलीत निघेल अशी धास्ती वाटू नये, एवढा त्याचा साधा अर्थ.

ही धास्ती कुठून आली? अ‍ॅबोरिजिनल घरांतून सरकारने बळाने नेलेल्या मुलांना 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. त्यांची हकीकत आणि २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल मागितलेली माफी बऱ्याचदा सांगितली जाते. सरकारी शब्दांनी त्यात काय काम केलं, हे मात्र कमी सांगितलं जातं. मुलं उचलून नेणाऱ्या यंत्रणेचं नाव 'संरक्षण मंडळ' होतं. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९च्या कायद्याने या मंडळाला अधिकार दिले, पण मुलाची हेळसांड होते आहे हे न्यायालयात दाखवावं लागे. १९१५च्या दुरुस्तीने तीही अडचण दूर झाली आणि मंडळाला वाटलं की पुरे, असं झालं. मुली कूटामंड्राच्या वसतिगृहात घरकामाचे धडे गिरवायला गेल्या, मुलगे किंचेलाला. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात काही ठिकाणी 'अ‍ॅबोरिजिनल असल्यामुळे' एवढंच लिहिलेलं सापडतं. १९४० मध्ये 'संरक्षण' जाऊन पाटीवर 'कल्याण' आलं आणि न्यायालयाची पायरी परत आली. पण हेळसांड कशाला म्हणायचं हे ठरवणारे डोळे तेच राहिले. गर्दीचं घर, रिकामं फडताळ, म्हणजे थोडक्यात गरिबी, ही आईची चूक ठरत राहिली. मंडळ १९६९ साली बंद झालं. १९९७च्या राष्ट्रीय चौकशीचा निष्कर्ष असा की १९१० ते १९७० या काळात दर दहा मुलांमागे एक ते दर तिनांमागे एक, इतक्या प्रमाणात मुलं बळाने नेली गेली.

'संरक्षण' आणि 'कल्याण' हे दोन्ही शब्द असे नासल्यावर तिसरा शब्द बाहेरून आला, तोही समाजकार्यातून नव्हे. १९८८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी बैठकीत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारलं, की कायदेशीर सुरक्षितता, नैतिक सुरक्षितता हे सगळं तुम्ही शिकवता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? एका माओरी परिचारिकेने त्या प्रश्नाची पुढे मांडणी केली. १९९२ मध्ये ती नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आली आणि वर्तमानपत्रांतून एवढा गदारोळ झाला की १९९५ साली संसदीय समितीने त्याची दखल घेतली. परिचारिकांना शरीरशास्त्राऐवजी राजकारण शिकवताहेत, असा टीकेचा सूर होता.

त्या मांडणीत तीन टप्पे आहेत. जाणीव म्हणजे समोरचा वेगळा आहे हे कळणं. संवेदनशीलता म्हणजे आपलाही एक चष्मा आहे हे कळणं. सुरक्षितता ही त्यापुढची, आणि ती मिळाली की नाही हे सेवा घेणाऱ्याने सांगायचं. सगळं वादाचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे. ऑस्ट्रेलियात शब्द आला खरा, पण हे वाक्य वाटेत बऱ्याचदा गळलं. एका दिवसाचं प्रशिक्षण, भिंतीवर अ‍ॅबोरिजिनल शैलीचं ठिपक्यांचं चित्र, दारावर अ‍ॅबोरिजिनल झेंड्याचा स्टिकर, झालं कार्यालय सुरक्षित. व्हिक्टोरिया राज्यात जुलै २०२२ पासून बालसुरक्षेची अकरा मानकं लागू आहेत. अ‍ॅबोरिजिनल मुलांना सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित वाटावं, हे त्यातलं पहिलं. मोठीच गोष्ट. पण पूर्ततेचे कागद संस्थाच तयार करणार असेल, तर ठरवणारा पुन्हा टेबलाच्या त्याच बाजूला बसतो.

यावर कार्यकर्ते एक प्रश्न विचारतात आणि तो खोटा नाही : सगळं कुटुंबाने ठरवायचं, तर मुलाच्या जिवाची जबाबदारी कुणाची? माझ्या मते इथे दोन प्रश्न एकात अडकलेत. मूल सुरक्षित आहे का, हा एक. त्याची आई आपल्याशी खरं बोलू शकते का, हा दुसरा. घरात मार खाणारी बाई मुलं नेतील या भीतीने फोनच करत नसेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणाला मिळणार?

मूल घरातून हलवावंच लागलं तर कुठे ठेवायचं, याचं तत्त्व अ‍ॅबोरिजिनल संघटनांनी सत्तरच्या दशकापासून लावून धरलं. अमेरिकेचा १९७८चा मूलनिवासी बालकांविषयीचा कायदा त्यांच्यासमोर होता. कायद्यात ते पहिल्यांदा नॉर्दर्न टेरिटरीत उतरलं, १९८३ साली. आधी नातेवाईक, मग समाजातलं घर, मग दुसरं अ‍ॅबोरिजिनल कुटुंब, आणि अगदी शेवटी बाहेरचं. प्रत्यक्षात लोक ही शिडीच वाचतात. मूल हलवायची वेळच येऊ नये, निर्णयात कुटुंब असावं, आपल्या माणसांशी आणि संस्कृतीशी नाळ तुटू नये, हे तत्त्वाचे बाकीचे भाग मागे पडतात. शिवाय नातेवाईक म्हणजे कोण? अनेक अ‍ॅबोरिजिनल समाजांत आईच्या बहिणीही आईच असतात. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागू नये. पण मूल आठवडाभर मावशीकडे झोपलं, तर फायलीत 'आईचं लक्ष नाही' अशी नोंद होऊ शकते.

१९९७ साली सरकारी यंत्रणेने घराबाहेर ठेवलेल्या मुलांमध्ये साधारण २० टक्के मुलं अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या समाजांतली होती. आज हा आकडा ४० टक्क्यांच्या वर आहे. देशातल्या एकूण मुलांमध्ये ती सुमारे ६ टक्के आहेत. २०२० च्या राष्ट्रीय करारात हे विषम प्रमाण २०३१ पर्यंत ४५ टक्क्यांनी खाली आणायचं ठरलं. दरम्यान, संरक्षण आदेशाखालच्या मुलाची जबाबदारी अ‍ॅबोरिजिनल संस्थेकडे सोपवण्याची तरतूद व्हिक्टोरियाने २००५च्याच कायद्यात केली होती. तिच्याखाली पहिली मुलं प्रत्यक्ष सोपवली गेली ती २०१७ मध्ये.